दोन अडकित्ते

भातकुलीच्या परवीनकडे बोट दाखवावं असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. देवानंदच्या भागीदारीत ती ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवायची. ज्या वर्षी तुरीचे भाव पडले आणि सरकारी खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी आली, त्या वर्षी तिच्या दारात रांग लागली.

दुकानात संगणक दोन, पण सरकारी साइटवरचं खातं एकच. दोघांनी एकदम अर्ज उघडले की साइटचं डोकं फिरायचं. नाव याचं, सातबारा त्याचा! म्हणून परवीननं सासऱ्यांचा पितळी अडकित्ता आणून ठेवला. तो ज्याच्या टेबलावर, त्यानंच अर्ज भरायचा. दुसऱ्यानं तोवर झेरॉक्स काढायच्या. मधे प्लायवूडचा आडोसा होता, पण सात वर्षांत तिला पलीकडे डोकवावं लागलं नाही. विश्वास म्हणतात तो हाच.

यंदा नोंदणीची मुदत संपल्यावर शेतकरी तानुबाई धापा टाकत दुकानात आली. तिचा अर्ज फेटाळला होता. नाव तिचं, गट नंबर देवानंदच्या मामांचा, महादेवरावांचा! अख्ख्या वर्षाची तूर आता व्यापारी म्हणेल त्या भावानं जाणार होती.

"परवीनताईच्या हातून झालं असन," देवानंद मान वर न करता म्हणाला. "माणूसच हाये."

दुकानातल्या माणसांनी माना डोलावल्या. परवीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हिचा अर्ज भरताना अडकित्ता माह्यासमोर होता," ती कशीबशी म्हणाली.

"कावून वो?" पावती न्यायला आलेले महादेवराव भोळेपणानं बोलले. "माह्या अर्जाच्या वक्ताले तं देवानंदसमोर होता. मी पायला ना. तानुबाई तवा तुह्याचपाशी बसली होती."

परवीन उठली, आडोशापलीकडे गेली आणि देवानंदचा ड्रॉवर ओढला. आत कोरा करकरीत पितळी अडकित्ता होता. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती.

"लाइन खोळंबली होती, ताई," देवानंद म्हणाला. "मामा घाई करून राहिले होते."

ज्याच्या घरी दर ईदेला शीरखुर्म्याचा पहिला डबा जायचा, त्यानं केसानं गळा कापला होता. आणि वर बोट तिच्याचकडे दाखवलं, हे तिला जास्त लागलं.

तानुबाईनं दोन्ही अडकित्ते हातात घेऊन पाहिले.

"आन त्या दिवशी मी चार घंटे बसली होती रे, देवानंद," ती म्हणाली, "तुही पाळी सरायची वाट पायत."