हळद लावलेले गुर्दे

आमच्या प्रयोगशाळेत एका एन्झाइमची रचना शोधायचं काम चाले. पेशीच्या पडद्यात बसलेला हा एक पंप असतो. आत शिरलेलं सोडियम तो बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. मूत्रपिंडात तो भरपूर सापडतो, म्हणून मला बोकडाचे ताजे गुर्दे लागत. पुण्याच्या बाजारातले माझ्या टेबलापर्यंत येईतो उन्हानं निकामी झालेले असत. यवतला माझी आई राहायची आणि तिच्या शेजारीच एका खाटीकमामांचं दुकान होतं. नव्वदीच्या दशकात माझं बरंचसं विज्ञान त्या दुकानावर अवलंबून होतं.

काम असं. पंप शुद्ध करायचा, ठरावीक क्षार घालून थंडीत ठेवायचा. सगळं नीट जमलं तर त्याचे रेणू पडद्यातच ओळीनं उभे राहतात, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या ओळी दिसल्या तरच पुढं रचना काढता येते. माझ्या ओळी काही लागत नव्हत्या. माझ्या पीएचडीच्या सरांनी शेवटी सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात मायक्रोस्कोप मिळतोय. तेव्हाही दिसल्या नाहीत, तर तुमचा विषय बदलू. उगाच वर्षं जातायत तुमची."

मी व्यवस्था पक्की केली. बोकड कापताच गुर्दे थेट बर्फातल्या बरणीत टाकायचे. बरणीत साखरेचं द्रावण असेल. बरणी थर्माकोलच्या पेटीत ठेवायची, पेटी आईनं दौंडहून येणाऱ्या एसटीनं हडपसरला आणायची. मध्ये कुणी झाकण उघडायचं नाही.

"साखरेत गुर्दा?" मामा म्हणाले. "ताई, मुरंबा घालताय व्हय?"

"सरकारी काम हाय त्ये," आईनं त्यांना गप्प केलं. "तुमी आपलं कापा."

ठरलेल्या रविवारी मी हडपसरहून आईला आणि पेटीला स्कूटरवर घेऊन आले. सर वाट पाहत उभे होते. मी झाकण उघडलं. आत पिवळ्याधमक फोडी होत्या आणि त्यांच्यावर एक काळा तुकडा.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"कोळसा," मी म्हणाले. बाकीच्याबद्दल मला खात्री नव्हती.

आई स्टुलावर बसून पाणी पीत होती. "आमच्या म्हायेरी वडगावला नदी वलांडून मटान न्यायचं, तर हळद-मीठ लावल्याबिगर कुणी उंबऱ्याभाईर काढत न्हाई. वर कोळसा ठेवायचा. न्हाईतर वाटंत मागं काय लागंल, सांगता येतं का?"

"आई, यवत ते हडपसर कुठली नदी आहे?"

"नदी न्हाई, पन कालवा हाय की."

"आणि साखरेचं पाणी?"

"वतून दिलं. चिकाट झालं होतं समदं. धुतलं, फोडी केल्या. म्हटलं, तेवढाच तुजा येळ वाचंल."

सर आईशी फार अदबीनं बोलत. त्यांनी समजावलं, "आई, आम्हाला यातला जो पंप हवा असतो ना, त्याचं कामच पेशीतलं मीठ बाहेर टाकायचं."

"मग बरं झालं की," आई म्हणाली. "त्याला काम मिळालं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विषय आता इथंच बदलतो की काय, असं मला वाटलं. पण ते मला म्हणाले, "मायक्रोस्कोपला अजून अवकाश आहे. पुढच्या रविवारी बोकड कापतात का, विचारा." फोडी आईनं माझ्या खोलीवरच्या स्टोव्हवर परतल्या. सर शाकाहारी, त्यांनी भाकरी-ठेच्यावर भागवलं.

आईला विज्ञान सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी तिच्या बाजूनं विचार केला. "हळद मटणाला लागायलाच हवी, का बरोबर असली तरी चालेल?"

तिनं बराच विचार केला. "कोळसा तर नुसता संगंच असतोय. हळदबी चालंल मग."

तेव्हा हळकुंड, मीठ आणि कोळसा एका फडक्यात बांधून पेटीच्या दोरीला बाहेरून लटकवलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कुणाची हळद हाय?"

"गुर्द्याची," आई म्हणाली आणि खिडकीजवळ बसली.

गुर्दे काचेसारखे चकचकीत आले. सालीखालचा गडद लाल पट्टा मी कापून घेतला आणि पुढचं सगळं बर्फावरच उरकलं. मायक्रोस्कोपच्या हिरवट पडद्यावर आधी नुसताच कचरा दिसला. मग पेशीच्या पडद्याचा एक तुकडा सरकत आला, आणि त्याच्यावर पाभरीनं पेरल्यासारख्या बारीक ओळी होत्या. सर बराच वेळ वाकून पाहत होते.

"आहेत," ते म्हणाले. "फोटो घ्या लवकर. विषय राहू दे हाच."

पुढच्या खेपेला पेटी उतरवून घ्यायला सर स्वतः दारात आले. त्यांनी दोरी उचलून पाहिली.

"गाठोडं कुठंय?"

"कालव्याला पाण्याचं आवर्तन नाही सध्या," मी सांगितलं. "कोरड्या कालव्याला लागत नाही, असं आई म्हणाली."

सर पेटी उचलून आत वळले. मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाले, "आईंना सांगा, पाणी असो नसो, बांधत जा."