सामन माशाचा पाठ

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या निर्णा गावात मुलींची शाळा निघाली आणि सातवी पास म्हणून मला तिथं मास्तरीण नेमलं. मायला ते मुळीच पसंत नव्हतं. माझं सगळं शिक्षण उर्दूतलं. मराठीतून शिकवायचं म्हटलं की जीभ अडखळायची. म्हणून उद्याचा पाठ मी आदल्या दिवशी घरी म्हणून बघायचे. ऐकायला थोरली बहीण असायची. अक्का पहिल्या बाळंतपणासाठी कडगंचीहून माहेरी आली होती, सातवा महिना सरला होता.

त्या दुपारी सामन नावाच्या विलायती माशाचा पाठ होता. समुद्र आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता, तरी मी हातवारे करून शिकवू लागले. थंड डोंगरी नदीत, गोट्यांच्या फटीत अंडी फुटतात. पिल्लं तिथंच जरा मोठी होतात आणि धारेबरोबर खाली समुद्राला जातात. तिथं काही वर्षं खाऊन अंगानं भरतात. अंडी घालायचे दिवस आले की मासळी आपल्या नदीचं पाणी वासावरून ओळखते आणि उलटी चढू लागते, धबधब्यांवर उड्या घेत, वाटेत काही न खाता.

शेंगा फोडणारे अक्काचे हात थांबले. "जिथं जन्मली तिथंच येती?"

"व्हय."

"अन् अंडी घातल्यावर परत जाती?"

"न्हाई. तिथंच मरती."

"मंग लेकरं कोन बघतंय?"

"कोनीच न्हाई. त्यांची ती वाढतेत."

एकदाही न अडखळता पाठ झाला, या आनंदात मी पुस्तक मिटलं. तिच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी अक्कानं सासरी परत जायचं काढलं. तिथं ना सासू, ना जाऊ. इथं आमची माय, जिच्या हातांवर गावातली निम्मी लेकरं जन्मलेली. माय रागावली, रडली, "कामून गं? काय कमी पडायलंय तुला?" म्हणून विचारत राहिली. अक्का मान वर करेना.

लुगडी बांधताना ती मला हळूच म्हणाली, "मला मरायचं न्हाई गं."

"अगं, मासा हाय तो!"

"ठावं हाय मला. तरी बी भ्या वाटायलंय."

मायला सांगितलं असतं तर तिनं माझ्या थोबाडीत मारली असती आणि अक्काला जवळ घेऊन तासाभरात शांत केलं असतं. पण माझी शाळाही त्याच दिवशी सुटली असती. मी गप्प बसले. या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

अक्काला कडगंचीत मुलगा झाला. तीन दिवस अडली होती, पण दोघं वाचली. निरोप ऐकून माय देवापुढं बसली आणि खूप वेळ उठली नाही.

पुढच्याच महिन्यात शेजारचा एकजण धावत आला. त्याची बायको अडली होती. मी ओसरीवर पाट्या तपासत होते. माय आतूनच म्हणाली, "दुसऱ्या कोनाला बलवा, अण्णा. माझ्या लेकीलाच माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुमी कामून ठेवायलाव?"

तो उंबऱ्यावर घुटमळला, एकदा माझ्याकडं बघितलं. मी पुढची पाटी उचलली.