टूलबॉक्समधलं पिनियन

आधीच सांगून ठेवतो — कुणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस आहे. त्यामुळे खाली 'नारळ फोडा', 'शांती करा' असले सल्ले देऊ नका. मला शांती नकोय. मला राग आलाय, आणि तो काढायचा कुणावर हेच कळत नाहीये.

गोंदियाला लागून आमचं गाव. बाबांची एक जुनी इंग्लिश मोटारसायकल आहे, एका राईस मिलवाल्याकडून घेतलेली. लग्नात त्यांनी आईला शब्द दिला होता, याच गाडीवर तुला माहेरी दरेकसाला नेईन. नेलं कधी? नाही! मित्रांना घेऊन कोहमाऱ्याच्या ढाब्यावर मात्र जायचे. मग मॅग्नेटोचं पिनियन तुटलं... म्हणजे स्पार्क देणाऱ्या मॅग्नेटोला फिरवणारं लहानसं दातेरी चाक. ते नसलं की गाडी म्हणजे भंगार. आईनं विषय काढला की बाबांचं ठरलेलं उत्तर, "पार्ट मिळत नाही." हेच सांगत सांगत मागच्या वर्षी ते गेले. आई आयुष्यभर पॅसेंजरनं माहेरी गेली.

यंदा मी हट्टाला पेटलो. आईचे गुडघे जात चाललेत, पुढच्या वर्षी तिला गाडीवर बसता येईल की नाही, सांगता येत नाही. ऑनलाइन एकानं 'ओरिजिनल इंग्लंड' म्हणून पार्सल पाठवलं, आत निघालं कुठल्या तरी पंपाचं चाक. फोन लावला तर बंद. शेवटी तुटकं पिनियन नमुना म्हणून घेतलं आणि गोंदियातल्या एका टर्नरकडे गेलो. तो राईस मिलचे शाफ्ट बनवतो. इंचातलं माप बघून तो वैतागला, मी त्याच्यावर वैतागलो. पहिलं पिनियन चाचणीतच अडकलं. दुसरं फिरलं, पण रडल्यासारखा आवाज करत.

"चलेगा," तो म्हणाला. "दौड़ेगा नहीं, चलेगा."

ते बसवायच्या दिवशी, भर दुपारी, पाने ठेवायला मी गाडीचा टूलबॉक्स उघडला. आत चिंधीत गुंडाळलेलं पिनियन! कोरं, ग्रीस अजून ओलं, त्यावर कंपनीचा छाप.

आता नीट वाचा. तो टूलबॉक्स मी स्वतः रॉकेलनं धुतला होता, आतून रेड ऑक्साइड मारला होता. रिकामा होता. चावी माझ्या खिशात होती. आणि चिंधी बाबांच्या चौकड्याच्या लुंगीची... तसाच टर्नरकडे गेलो. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "भैया, ये मेरे हाथ का नहीं है. कंपनी का है."

आईला दाखवलं. वाटलं, रडेल. तिनं चिंधी ओळखली आणि भडकलीच.

"म्हंजे होता पार्ट! इतकी वर्सं मले पॅसेंजरनं पाठवून राहिला होता तुहा बाप, आन् पार्ट घरीच होता!"

"अगं आई, डबा रिकामा होता. मीच रंगवला—"

"मंग आता कायले देऊन राहिला? जित्ता होता तवा काऊन नाही देल्ला?"

माझंही डोकं फिरलं होतं. आई तशाच गुडघ्यांनी घरामागच्या बोडीपर्यंत, म्हणजे छोट्या तळ्यापर्यंत गेली आणि पिनियन पाण्यात फेकून आली.

"तू बनवून आणला तो लाव गा. त्याच्यावरच जाईन मी."

गेलो. पिनियन वाटभर रडत होतं, आई माझा खांदा धरून बसली होती. पाने मी पिशवीत घेतले होते, टूलबॉक्स रिकामा करून कुलूप लावलं होतं. दरेकसाच्या चढाला लागलो आणि टूलबॉक्स वाजायला लागला. खण... खण... खण. गाडी थांबवून मी चावी काढली.

"उघडू नोको!" आई मागून ओरडली. "वाजू दे. चाल तू."

आत काय आहे, कसं आलं, कुणी ठेवलं — मला आजही सांगता येत नाही. चावी आईनं त्याच दिवशी मागून घेतली, ती तिच्या कमरेला असते. आता आम्ही माहेरी गाडीवरच जातो. चढाला लागलं की आत खणखणतं, आणि आई झाकणावर थाप मारते.

"आता आले काय संगं? बसा चूप!"