कंपनी द्या!

डब्याच्या झाकणावर दोन टिचक्या, आणि मग हाक, "चला, कंपनी द्या!" चाकणच्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी भोंग्याने नाही, पेंट शॉपच्या मामांच्या टिचक्यांनी व्हायची.

मामा लातूरकडचे. 'कंपनी' हा एक इंग्रजी शब्द त्यांना जन्मभर पुरला. नवा शर्ट घातला की, "कंपनीचा हाय." म्हणजे साधासुधा नाही. त्यांच्यासोबत डबा खाणारे आम्ही चौघे दिसलो की, "काय कंपनी, आज गप गप?" लेकीला स्थळ आलं तेव्हा विचारलं, मुलगा कसा आहे? "कंपनीत हाय!" झालं! पगार, स्वभाव, घराणं, सगळं त्यात आलं. हसून हसून पोट दुखलं माझं. जावई मात्र खरंच चांगला निघाला.

मी मुळात एकलकोंडा. मान खाली घालून डबा संपवणारा. "अहो मामा, जेवू द्या की सुखानं!" मी वैतागायचो.

"जेवा की. पण संगं जेवा." आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात.

मामी गेल्यावर ते थेरगावच्या खोलीत एकटेच राहत. रात्री काय खाता म्हटलं तर, "खातो कायतरी, उभ्या उभ्या." धड जेवण होई ते आमच्यासोबतच. अशात नव्या साहेबांनी जेवणाच्या बॅचेस पाडल्या आणि मामा एकटे मागे राहिले. संध्याकाळी बघतो तर डबा भरलेलाच. "भूक नव्हती, राव." दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती.

शेवटी मीच, होय मीच, साहेबांपुढे उभा राहिलो. "आम्हाला मामांच्या बॅचला टाका. माणूस उपाशी राहतोय."

साहेबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मामांच्या टिचक्या जरा जोरातच वाजल्या.

रिटायर होऊन लेकीकडे गेले, तरी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचो. तिकडे त्यांचं ताट, इकडे आमचे डबे. "बसलात का? हां, द्या कंपनी."

मग एक दिवस फोन आला नाही. मामा झोपेतच गेले, असं लेकीने संध्याकाळी कळवलं.

तेराव्याच्या दुपारी पुन्हा मामांच्याच नंबरवरून कॉल. मी घाईने उचलला. लेक होती.

"काका, बाबांचं पान वाढलंय. तुम्ही बसलात का सगळे?"

तिने फोन पानासमोर धरला. वरण-भात, पुरणपोळी, कडेला शेंगदाण्याची चटणी. मी उघडलेल्या डब्याचं झाकण परत लावलं आणि त्यावर दोन टिचक्या मारल्या.