साखळी किती लांबेल

माझ्या बायकोच्या मामांइतका अचूक आणि निरुपयोगी माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सळ्या तुटेपर्यंत ताणून बघण्याचं काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. सळ्या तिथेच राहिल्या. सवय तेवढी मामांनी सक्करदऱ्याला घरी आणली. वजन पडलं की कोणती वस्तू किती वाकेल, किती लांबेल, हे त्यांना सांगता येतं आणि कुणी विचारण्याची वाट ते बघत नाहीत. ओली चादर हातात दिली, तर आधी तारेला किती झोल येईल ते सांगणार, मग चादर झटकणार. एका लग्नात स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि नवरदेवाला म्हणाले, "जवाईबापू, तुमच्याखालची फळी दोन मिलिमीटर दबून राहिली. घोर नोका करू." मुलीचे वडील उरलेलं रिसेप्शन स्टेजखाली वाकून बघत होते.

मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हे शास्त्र घरातच कामाला लागलं. मामींना एवढंच हवं होतं, की पडवीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसावं आणि कुणाचा हात न धरता उठावं. बैठक खाली नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांनी बंगई उतरवली, साखळीच्या कड्या मोजल्या, मामींचं वजन विचारलं आणि त्या वजनाने साखळी किती लांबेल याचा हिशेब मांडून बसले.

"काहून टांगून नाही राहिले जी?" मामी पलंगावरून विचारायच्या.

"घाई नोको करू वं. पोलाद हाय थे."

उत्तर निघालं, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढं धरून त्यांनी बंगई टांगली, तीवर कापसाची जाड गादी घातली आणि मामींना बसवलं. गादी चार बोटं दबली. तिचा हिशेब कुणी केलाच नव्हता. मामी रुतून बसल्या, काही केल्या उठता येईना. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय गा इंजिनिअर, लोखंड समजते तुले, कापूस नाही समजत?" मामा मात्र साखळी लगेच वर घ्यायला तयार नव्हते. गादी पुरती दबल्याशिवाय तिचं माप घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गादी दबेपर्यंत रोज संध्याकाळी मामी हाक मारायच्या आणि मामा हातातलं काम टाकून, दोन्ही हात देऊन त्यांना उठवायचे.

मागच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा साखळी वर घेतलेली होती. मामींचा चहा संपला तसे मामा हात पुढे करून समोर उभे राहिले. मामींनी फळीवर तळवे टेकले आणि एकट्याच उठल्या. "पाहा, उठली मी!" म्हणत कपबशी घेऊन आत गेल्या. मामांचे हात पुढेच राहिले होते. मग त्यांनी ते साखळीवर ठेवले आणि बराच वेळ एकेक कडी चाचपत उभे राहिले.