राणीसाहेबांच्या दारातल्या चपला

बोरीवलीत राजवाडा नाही, ही गोष्ट आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या भाऊजींनी आयुष्यभर मान्य केली नाही. त्यांचे वडील एका चिमुकल्या संस्थानात चोपदार होते. दाराशी चांदीची काठी घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्याचं नाव खणखणीत पुकारायचं. संस्थान गेलं, काठी गेली, नियम तेवढे भाऊजींकडे उरले आणि ते त्यांनी आमच्या सोसायटीला लावले. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढू लागले की वरून आरोळी यायची, "आस्ते कदम!" सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर ते सांगितल्याशिवाय बसायचे नाहीत, आणि पाणी येत नसल्याची तक्रारसुद्धा रुमालावर ठेवून दोन्ही हातांनी द्यायचे. पाणी यायचं नाही ते नाहीच.

सगळे हसायचे. मी सर्वांत जास्त. पण त्या संस्थानच्या राणीसाहेब अंधेरीत फ्लॅटमध्ये राहतात असं कळलं, आणि महिला मंडळाची नवी अध्यक्ष झालेली, डोक्यात हवा गेलेली चाळिशीतली मी, हळदीकुंकवाला साक्षात राणीसाहेबच आणायच्या म्हणून भाऊजींकडे शिकवणीला गेले. त्यांनाही ते दार एकदा बघायचं होतंच. वडिलांची ओळख तिथे कुणाला उरलीय का, एवढंच. पण "कामाशिवाय दरबारी जाऊ नये" हा नियम आड यायचा. आता माझं काम मिळालं.

आठ दिवस तालीम चालली. "वहिनी, मुजरा आहे हा. खाली पडलेली टिकली नाही शोधायची!" सर्वांत कठीण होतं ते निघणं. राजाला पाठ दाखवायची नाही, मागे मागे चालत जायचं. नऊवारी नेसून मी गॅलरीत उलटी चालत असताना आमचे हे दारातून म्हणाले, "अगं, रिव्हर्स घेताना हॉर्न तरी वाजव!"

ठरल्या दिवशी शेजारणीची नथ घालून आणि जावेची पैठणी नेसून मी भाऊजींबरोबर अंधेरीत पोचले. दार स्वतः राणीसाहेबांनीच उघडलं. अंगात गाऊन, हातात टीव्हीचा रिमोट. भाऊजी बाहेरच्या पायपुसण्यावर ताठ उभे राहिले आणि त्यांनी माझं नाव असं पुकारलं की समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकू लागलं.

"अहो, हळू! आत या ना दोघं," राणीसाहेब म्हणाल्या.

"चोपदाराची जागा दारात, सरकार," भाऊजी म्हणाले आणि हलले नाहीत.

मी आत जाऊन पाठ केलेला अर्ज सुरू केला. दुसऱ्याच वाक्याला बाई म्हणाल्या, "हळदीकुंकू ना? येते की. किती वाजता?" झालं! आठ दिवसांची विद्या वाया जाऊ नये म्हणून मी निदान निघताना तरी उलटी चालले. भाऊजींनी सगळं शिकवलं होतं, फक्त फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो हे सांगायचं राहिलं होतं. मी त्या ढिगावरून जी घसरले ती थेट भाऊजींवर. अध्यक्षबाई आणि चोपदार, दोघंही चपलांत!

राणीसाहेब चौकट धरून हसल्या. मग डोळे पुसत भाऊजींकडे बघत राहिल्या. "तुम्ही कुणाचे हो?"

भाऊजींनी पडल्या पडल्याच वडिलांचं नाव सांगितलं.

"अगं बाई! त्यांचा आवाज अजून कानात आहे माझ्या. लहान वयात सून होऊन आले तेव्हा तो ऐकला की मी पडद्यामागे लपायचे."

भाऊजी उठले आणि त्यांनी मुजरा केला. इतका सुंदर मुजरा मला काही त्यांनी शिकवला नव्हता. परतीच्या रिक्षात बोरीवली येईपर्यंत ते काठी धरल्यासारखी मूठ वळून ताठ बसले होते. उतरताना फक्त म्हणाले, "आठवतो म्हणाल्या हो, वहिनी."

आता इतक्या वर्षांनी भाऊजी अंथरुणाला खिळलेत. माणसं ओळखतात, कधी ओळखत नाहीत. मी रोज संध्याकाळी काठी टेकत जाते, अर्धा तास बसते. निघताना त्यांना पाठ दाखवत नाही. त्यांची सून हसते, "काकू, पडाल हं!" हसू दे. काल मी अशीच मागे मागे दारापर्यंत आले, आणि आठवडाभर गप्प असलेल्या माणसाने उशीवरून मान उचलून खणखणीत आवाज दिला:

"वहिनी, चपला!"