सांगून मारणारी मावशी

"सांगून मारते हां!" असं ती आधी ओरडायची आणि मगच मारायची. मग समोर साप असो, कुत्रं असो, नाहीतर गोल्फचा चेंडू. कारखान्यात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे. नाव होतं तिला, हजेरीच्या रजिस्टरात नीट लिहिलेलं होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नसतं.

तुम्ही म्हणाल, सोलापुरात कसलं आलंय गोल्फ? हसा. मीही हसलो होतो. चिंचोळी एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना, आणि त्याच्या मागं खडकाळ माळ. मालकांना बाहेरदेशी जाऊन गोल्फचा नाद लागला, त्यांनी त्या माळावर सहा होलचं चिमुकलं मैदान करून घेतलं. वर्षभरात नाद सुटला, मैदान राहिलं. गवत जगवायला पाणी कुठून आणणार? म्हणून होलभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून गोल थर घातलेला. बाकीचं जग त्या जागेला ग्रीन म्हणतं, आम्ही ब्राऊन म्हणायचो. त्यावर पावलं उमटतात, चेंडूच्या रेघा उठतात. गोणपाट ओढून ती वाळू पुन्हा सारखी करायची, हे मावशीचं काम.

रविवारी सकाळी मी आणि रंगखात्यातला गड्डम असे दोघंच खेळायचो. मी देखभाल विभागात. सगळा आरामाचा मामला. थर्मासमध्ये चहा, पायात चपला, सहा होल व्हायला दीड तास. आमचा एकच पक्का नियम होता: फटका बिघडला की म्हणायचं, "हा धरायचा नाही." खडा आडवा आला, धरायचा नाही. वारा सुटला, धरायचा नाही. गड्डमला शिंक आली, तोही धरायचा नाही. मावशी गोणपाट खांद्यावर टाकून हे सगळं बघत उभी राहायची. एकदा न राहवून म्हणाली, "मग सायेब, धरायचा तरी कुटला?"

आम्ही हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

ती सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. नवरा गेला, मेंढरं गेली, आणि ही एकटी मुलीला घेऊन इकडं आली. पन्नाशीची असेल, पण खांदे बघावेत! एकदा गड्डमनं गंमत म्हणून सात नंबरची लोखंडी काठी तिच्या हातात दिली. "मारा मावशी." तिनं पदर खोचला, काठी दोन्ही हातांनी अशी धरली की आता लांडग्याच्या डोक्यातच घालणार. ओरडली, "सांगून मारते हां! मागं सरा!" आणि चेंडू गेला तो कंपाउंडच्या तारेवरून शेजारच्या फौंड्रीच्या पत्र्यावर. धाडकन आवाज झाला. तिकडून शिव्या आल्या. मावशीनं तिकडं तोंड करून दुप्पट शिव्या परत केल्या आणि काठी गड्डमच्या हातात देत म्हणाली, "ह्यात काय हाय एवढं शिकण्यासारखं?"

मार हा तिच्या बोलण्याचाच भाग होता. एका ठेकेदारानं बायकांच्या रांगेत कुणाला तरी धक्का दिला, तर हिनं त्याला आधी सांगितलं, "आता लावते." तो म्हणाला, "लाव की." तिनं लावली. तो मटकन खाली बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला. दुसऱ्या एका रविवारी दुसऱ्या होलपाशी मोकाट कुत्र्यांनी एक करडू धरलं होतं. आम्ही दोघं "हाड हाड" करत लांबूनच खडे फेकत होतो. मावशी गड्डमच्या हातातली काठी घेऊन सरळ आत घुसली. सांगितलं, ओरडली, आणि मारलं. एक कुत्रं जागीच आडवं झालं, पाठ मोडून. ते पाय झाडत केकाटत होतं. मला तर बघवेना. तिनं आणखी एक घाव घालून ते संपवलं आणि मग शेजारी उकिडवी बसली. रक्तानं चिकट झालेल्या हातानं त्याच्या कानामागं खाजवत म्हणाली, "उपाशी हुतं रं लेकरू." त्याच दुपारी खड्डा खणून तिनं ते पुरलं. करडूही वाचलं नाही, त्याच खड्ड्यात गेलं.

असली ही बाई. पण माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तेव्हा तिनं माझा पाय मांडीवर घेऊन सेफ्टीपिननं तो काढला, आणि काढताना मला इतकं झापलं की माझ्या आईनंही कधी झापलं नसेल. "एवडं शिकलेलं माणूस आन माळावर चपला घालून येतंय! बायकू काय म्हनत न्हाय का?" मला ती आवडायची. भीती वाटायची आणि आवडायची, दोन्ही खरं आहे.

तिची मुलगी सारिका. टेंभुर्णीला दिलेली. एका सोमवारी ती कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. डावा डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, दंडावर इस्त्रीचा चटका, चांगला तिकोनी उमटलेला. मावशी तिच्याकडं बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मला म्हणाली, "सायेब, हिला कुटंतरी लावा. ही आता हितंच ऱ्हानार."

मी तिला पॅकिंगला लावून दिलं. पुढं एका रविवारी चहा पिताना मावशीनं मला सांगितलं ते असं: सारिका याआधी दोनदा पळून आली होती. दोन्ही वेळा भावकीतली माणसं बसली, जावयानं हात जोडले, चूक झाली म्हणाला, आणि दोन्ही वेळा मावशीनंच तिला परत धाडलं. "माज्या हातानं धाडली, सायेब. बोचकं मी बांधून दिलं. ती एस्टीच्या खिडकीतून माज्याकडं बगत हुती, आन मी म्हनलं, नीट ऱ्हा." असं म्हणून तिनं स्वतःच्याच गालात एक ठेवून दिली. खरी, जोरात. गड्डमचा चहा सांडला.

आता तो रविवार. आम्ही चौथ्या होलवर होतो. गड्डमचा चेंडू ब्राऊनवर होता आणि तो वाकून, एक डोळा मिटून, होलकडं बघत होता. मावशी कडेला गोणपाट घेऊन थांबलेली. सारिका मावशीच्या कारखान्यातल्या क्वार्टरवरून आमच्यासाठी भज्यांचा डबा घेऊन आलेली. कंपाउंडच्या तारेला तिथं एक भगदाड होतं, आमचे चेंडू आणायला आम्हीच वाकवून ठेवलेलं. त्यातून जावई आत आला. मला आधी वाटलं शेजारच्या कारखान्याचा कामगार असेल. त्यानं एक शब्द न बोलता सारिकाचे केस धरले, मुठीला दोन वेढे दिले आणि ओढत निघाला.

ती पडली. तो थांबला नाही. तिला तशीच फरफटत त्यानं ब्राऊनवरून नेलं, तेलकट वाळूत तिच्या टाचांच्या दोन चऱ्या उमटत गेल्या. ती ओरडत होती आणि तो दर दोन पावलांना वळून तिच्या बरगडीत लाथ घालत होता. आणि आम्ही? आमच्या हातात लोखंडी काठ्या होत्या. दोन धडधाकट पुरुष. मी "अहो, अहो" म्हणालो. खरंच, "अहो" म्हणालो! आजही ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मावशीनं माझ्या हातातली काठी काढून घेतली. काढून कसली, मी सोडलीच. ती त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. "सोड तिला."

"म्हातारे, बाजूला हो. माजी बायकू हाय."

"सोड. सांगतीया."

तो हसला आणि सारिकाच्या तोंडावर त्यानं पाय ठेवला.

"सांगून मारते हां," मावशी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, हळूच म्हणाली. पहिला घाव केस धरलेल्या हाताच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मूठ सुटली. तो गुडघ्यावर आला, शिवी द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि दुसरा घाव गुडघ्याच्या वाटीवर. तो लोळत ओरडायला लागला. काठी तिसऱ्यांदा वर गेली, डोक्याच्या रोखानं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशी काठी टेकून धापा टाकत उभी होती. म्हणाली, "बास. एवडंच. सायेब, गाडी काडा, दवाखान्यात न्या ह्याला. न्हायतर मरंल हितंच."

आता आमची चूक ऐका. असली चूक आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार जबाब घ्यायला आले. गाडीतच गड्डमनं मला कोपरखळी मारून सांगितलं होतं, "अपघात म्हणू या. मी फटका मारत होतो, हा मधे आला. सुटली मावशी." मॅनेजरही फोनवर तेच म्हणाले, कारखान्याचं नाव खराब नको. मला तर फारच बरं वाटलं. तिथं मारामारीच्या वेळी तर काही केलं नव्हतं, निदान इथं तरी करू. मी हवालदारांना रंगवून सांगितलं. खेळ चालला होता, माणूस अचानक आला, काठी लागली, चुकून. गड्डम मान डोलवत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, हा धरायचाच नाही!"

बाकड्यावर बसलेली मावशी उठली. साडीवर रक्त, तेल, वाळू. हवालदारांपुढं येऊन म्हणाली, "खोटं हाय. मी मारलं."

मी तिला बाजूला ओढलं. "मावशी, काय करताय? आत जाल! आम्ही सांगतोय ना सगळं नीट!"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की त्या पाठ मोडलेल्या कुत्र्याकडंही तिनं बऱ्या नजरेनं बघितलं होतं. मग तिचा आवाज खाली आला. "सायेब, चुकून लागलं म्हनलं, तर त्यो बरा हून परत येनार. चुकून लागल्याला कोन भितंय? त्याला कळाय पायजे, पुन्यांदा आला तर पुन्यांदा मारनार हाय ही म्हातारी. ठरवून. तुमी लई चांगलं हाय, पर तुमचं हे चांगलंपन माज्या पोरीचा जीव घेईल."

ती परत हवालदारांपुढं गेली. "ल्हिवा. पैला कोपरावर, दुसरा गुडघ्यावर. नेम धरून. सांगून मारलं, हे बी ल्हिवा. तिसरा ठिवलाय, त्ये बी ल्हिवा." तिकडं स्ट्रेचरवर पडलेला जावई हे सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा मी बघितला. दुखण्यानं पांढरा झालेला होता, तो आता भीतीनं पांढरा झाला.

तिला अटक झाली. बारा दिवसांनी जामीन मिळाला. सारिकानंही दवाखान्यातच तक्रार दिली, मग जावयावरही गुन्हा दाखल झाला, आणि पुढं घटस्फोटाचा अर्ज. कारखान्यानं मावशीला कामावरून काढलं. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन भांडलो, पहिल्यांदाच, टेबलावर मूठ आपटून. उपयोग झाला नाही. मावशी गावी राहायला गेली आणि तारखेला सोलापूरला यायची. कोर्टाच्या आवारात ती जावयाच्या बरोब्बर समोरचा दगड धरून बसायची आणि दिवसभर त्याच्याकडं बघत राहायची. बोलायची नाही. सारिका सांगायची, "आई नुसती बसली तरी त्यो जागा बदलतोय."

सारिका आमच्या कारखान्यातच राहिली. पॅकिंगची लाइन बघायला लागली. हळूहळू हसायला लागली. गोल्फ मात्र आमचं त्या रविवारीच सुटलं. मैदानावर आता बाभळी वाढल्यात.

मग मावशी गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, गावठी औषधं घेतली आणि संपली. मला सारिकाच्या फोनवरून कळलं तेव्हा मी यंत्राखाली होतो, तिथंच पालथा पडून रडलो. सारिका दहावं करून परत आली, दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर. घटस्फोटाच्या निकालाला तेव्हा दोन महिने होते. त्या दोन महिन्यांचीच मला काळजी होती, कारण पुढच्या तारखेला समोरचा दगड रिकामा राहणार होता.

आणि झालं तसंच. तारखेनंतर तिसऱ्या दिवशी मी फाटकाजवळच्या वजनकाट्याचं काम बघत होतो. जीप येऊन थांबली. जावयाचा भाऊ गाडी चालवत होता. जावई उतरला, लंगडत. उजवा हात कोपरात वाकडा, सरळ होत नव्हता. सारिका त्या वेळी आत शिफ्टवर.

"ती म्हातारी तारखेला आली न्हाय," तो चौकीदाराला म्हणाला. "मेली म्हनत्यात. खरं हाय का?"

चौकीदार तोंड उघडणार इतक्यात मी पुढं झालो. आवाज बरा निघाला. "कोण म्हणतं मेली? मालकांनी परत कामावर घेतलंय तिला. आत आहे."

त्यानं फाटकातून आत डोकावून बघितलं.

"मागं, मैदानावर," मी म्हणालो. "बोलावू का? नाहीतर असं कर, तूच जा. तुझ्यासाठी एक ठेवलाय म्हणत होती."

भावानं जीप वळवायला घेतली होती. जावई चालत्या जीपला एका हातानं लोंबकळला आणि कसाबसा आत चढला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो.

चौकीदार जवळ आला. हळूच म्हणाला, "सायेब, पर मावशी तर..."

"गप्प," मी म्हणालो. "इथून पुढं कुणीही विचारलं तर मावशी आत आहे. दिवसपाळीला आहे, रातपाळीला आहे. सुट्टी घेत नाही ती."